फिल्मवरचा पांढरा ठिपका

एक्स-रेच्या फिल्मची खडखड ऐकली, की आजही माझ्या अंगावर काटा येतो. धुळ्यात एका रुग्णालयासमोर मी अर्जलेखनाचे कार्य करतो. धरणगावकडील एका बाईने, बरगडी मोडलेल्या पतीस जळगावच्या रुग्णालयात हलविण्याचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. जोडपत्र सुटे राहणे मला मान्य नसल्याने मी फिल्मवर अर्ज ठेवून दोन्हींतून जाड दाभण आरपार घातले व दोरा ओवला. आतील लिपिकाने दोरा सोडून फिल्म दिव्याच्या काचेवर लावली आणि मोबाइलने तिचे छायाचित्र जळगावच्या डॉक्टरांना पाठविले. तासाभराने ती बाई माझ्या टेबलाशी कोसळली. "नाना, छातीमा गाठ शे म्हनतस! तुकडा काढीसन तपासतीन!" मी तिच्या हातातील फिल्म घेऊन उन्हाकडे धरली, तो फुप्फुसावरील गोल ठिपक्यातून सूर्य थेट माझ्या डोळ्यात शिरला. ते माझ्या दाभणाचे छिद्र होते; दिव्यावर काढलेल्या छायाचित्रात तेच पांढऱ्या गाठीसारखे उमटले होते. हजारो अर्ज लिहिलेल्या मला लिपिकाने लावून दिलेल्या फोनवर डॉक्टरांशी एक वाक्य जुळविता येईना. "छिद्र आहे, साहेब, मी पाडलेले," एवढेच कसेबसे म्हणालो, तेव्हा त्यांनी तपासणी रद्द केली. "नाना, तुम्हीन तं मना धनीले जित्ताच मारी टाकं व्हतं!" ती रडत ओरडली. तेव्हापासून मी दाभण फक्त कागदांतून घालतो; फिल्म सुटीच पाकिटात ठेवतो.