कोंबडीचं पिस्तूल

आमच्या सुलेमानी शहरात कमरेला पिस्तूल लावणारे पुष्कळ, पण पिस्तुलाशी गप्पा मारणारा माणूस एकच, वस्ता फत्ताह. वस्ता म्हणजे कारागीर, हाताचा पक्का. त्याचं दुकान एवढंसं की दोन गिऱ्हाइकं आत बसली की तिसऱ्याने उंबऱ्यावर उभं राहून चहा प्यायचा. फत्ताह अडुसष्ट वर्षांचा, एका कानाने कमी ऐकणारा, आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय ज्याला अन्न पचत नाही असा.

कुणी जुनं ब्राउनिंग घेऊन आलं (तेरा गोळ्यांचं, म्हणून आमच्याकडे त्याला नुसतं 'तेरा' म्हणतात) की तो आधी ते रिकामं आहे ना हे दोनदा बघायचा, मग सुटं करून फडक्यावर मांडायचा आणि डोळ्याला भिंग लावायचा.

"मालक डावखुरा होता," तो सांगू लागायचा. "पोट सुटलेलं. पट्टा पोटाखाली बांधायचा, म्हणून इथं असं घासलंय. आणि भित्रा होता हो! झाडलंय फार कमी, पण हा खटका बघा, दिवसातून शंभरदा चाचपलाय."

"माझे वडील होते ते," गिऱ्हाईक घुश्शात म्हणायचं.

"मग भले गृहस्थ असणार. भित्री माणसं भली असतात. चहा घ्या."

एवढं सगळं वाचून झालं की तो ते घासून, निकेल चढवून आरशासारखं करायचा आणि मुठीला अक्रोडाच्या लाकडाच्या नव्या पट्ट्या बसवायचा. पट्ट्यांवरची नक्षी इतकी बारीक की बोट फिरवलं तर मांजराच्या जिभेसारखी लागे. लोकांना हेच हवं असायचं. लग्नात, सणाला, पाहुण्यांसमोर कमरेचं पिस्तूल चमकलं पाहिजे.

त्याची स्वतःची सतरा पिस्तुलं घरी काचेच्या कपाटात होती. बायको पखशान त्यांना सतरा सवती म्हणायची. त्यातलं पहिलं त्याचं सगळ्यांत लाडकं. एक्क्याण्णव साली सरकारविरुद्धच्या उठावानंतर बाजारात पिस्तुलं मुळ्याच्या जुड्यांसारखी विकली जात होती, तेव्हा घेतलेलं. गंजकं, मुठीला काळपट लाकूड, वर काहीतरी खरवडलेलं. तेच त्याने पहिल्यांदा असं नटवलं की त्याचं नाव झालं. अर्बिलच्या एका दातांच्या डॉक्टरने त्याच्यासाठी स्वतःच्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवली होती. फत्ताहने त्या किल्लीने कान कोरला आणि परत दिली.

फेब्रुवारीत एका गुरुवारी दुकानात एक बाई आली. पन्नाशीची, बोटांना रंग लागलेले. नाव गेलास, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते म्हणाली. तिने पिशवीतून एक फोटो काढला. डोंगरातला एक तरुण, डोक्याला जामानीचा रुमाल गुंडाळलेला, छातीशी पिस्तूल धरून मिशीत हसतोय.

"माझा भाऊ, सरबस्त. अठ्ठ्याऐंशीच्या लढाईत करादागच्या डोंगरात गेला. कुठं पडला, कुणाला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक असेल ते त्याच्याबरोबरच गेले. मी दर गुरुवारी शाळा सुटली की एकेका पिस्तूलवाल्याकडे जाते. हे पिस्तूल मला नको, वस्ता. पण ते कुणाला कुठं सापडलं एवढं कळलं, तर तो कुठं आहे ते कळेल. आई चौऱ्याऐंशीची झालीय. म्हणते, शेजारणी ईदला कबरीवर पाणी घालून येतात, मी बादली घेऊन कुठं जाऊ?"

फत्ताहने भिंग लावलं. मुठीच्या लाकडावर काहीतरी खरवडलेलं दिसत होतं.

"ही कोंबडी का?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याचा हात थांबला.

"चकोर आहे तो!" बाई पहिल्यांदा हसली. "मी दहा वर्षांची होते. तो झोपला असताना खिळ्याने काढला. सगळी टोळी त्याला कोंबडीवाला म्हणायला लागली. महिनाभर बोलला नाही माझ्याशी. पण लाकूड काही बदललं नाही त्याने."

फत्ताहला तेहेतीस वर्षांपूर्वीची ती कोंबडी लख्ख आठवली. तिला बघून तो तेव्हा चक्रावलाही होता, शूराच्या पिस्तुलावर कोंबडी कशाला? त्या हिवाळ्यात रॉकेल नव्हतं, गावाने झाडं तोडून जाळली होती. त्यानेही ते लाकूड दोन स्क्रू काढून चुलीत टाकलं होतं.

"नाही बाई," तो म्हणाला. "असं काही हाताखालून गेलं नाही."

बाईने मान हलवली, फोटो जपून पिशवीत ठेवला आणि गेली. तिला नकाराची सवय होती.

संध्याकाळी पखशानने द्राक्षपानांचं डोलमा केलं होतं. फत्ताह त्याच्यापुढे नुसता बसून राहिला.

"काय झालं? दात दुखतोय? तुझा तो डॉक्टर बोलावू?"

"काही नाही."

"दुसऱ्यांच्या पिस्तुलाचं पोट वाचतोस, जरा स्वतःच्या पोटातलं बोल."

तो बोलला, सगळं बोलला. पखशानने भांडं बाजूला सरकवलं. "मग तिला नाही का म्हणालास?"

"काय सांगू? तुझ्या भावाची शेवटची खूण मी जाळली आणि वर हात शेकले, असं सांगू?"

"असंच सांग. आणि विकणारा कोण होता?"

इथे मात्र वस्ता फत्ताह लाजेने लाल झाला. आमच्या बाजारात म्हण आहे, पिस्तुलाची जात विचारावी, गाव विचारू नये. कुणी कुणाच्या मढ्यावरून काढलंय, कुणी भुकेपायी विकतंय, विचारणं म्हणजे भांडण उकरणं. जगाला वीट येईपर्यंत प्रश्न विचारणाऱ्या या माणसाने पिस्तुलाला सगळं विचारलं होतं. विकणाऱ्याला एक शब्दही नाही. त्याला आठवत होती फक्त पिठाचं पोतं घेऊन निघालेली एक पाठमोरी आकृती.

दुसऱ्या दिवशी तो पिस्तूल कापडात गुंडाळून गेलासच्या घरी गेला. तिच्या आईसमोर नको म्हणून अंगणातच उभ्याउभ्या सांगितलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. तिने कापड उघडलं, त्या झगमगाटाकडे बराच वेळ पाहिलं आणि कापड पुन्हा मिटलं.

"हे त्याचं नाही," ती म्हणाली. "हे तुमचं आहे."

"बाई, लोखंड तेच..."

"वस्ता, हे घेऊन सगळा करादाग फिरलात तरी कुणी ओळखेल का?"

फत्ताह घरी आला तो हेच वाक्य चघळत. खरंच होतं. ओळखण्यासारखं त्याने काही ठेवलंच नव्हतं. आणि मग त्याला तो नाद लागला, ज्यापायी गावाने त्याला वेडा ठरवलं. त्याने आपल्या हाताने आपलंच सगळ्यांत सुंदर काम उतरवायला घेतलं.

निकेल उतरवलं. मिठाच्या पाण्याचं फडकं गुंडाळून गंज चढवला.

"जन्मभर गंज काढला," पखशान म्हणाली, "आता गंज पेरतोय!" पण फडकं सुकलं की तीच ओलं करायची.

लाकूड जुन्या दरवाजाचं घेतलं, काळपट. कोंबडीपाशी मात्र गाडं अडलं. गेलास मदतीला आली. तिने कागदावर चकोर काढला तो असा डौलदार की आता उडेल.

"बाई, असा नाही! इतका चांगला नको."

"मला आता वाईट येतच नाही," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "तीस वर्षं पोरींना चांगलं शिकवतेय."

फत्ताहचंही तेच. त्याचा हात वाकडी रेघ काढायला तयार होईना. शेवटी त्याने खिळा डाव्या हातात धरला. फोटो समोर ठेवला आणि जीभ बाहेर काढून खरवडू लागला. चोच वाकडी झाली, एक पाय आखूड झाला. गेलासने ते पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि ढसाढसा रडली. "हीच," ती म्हणाली. "हीच कोंबडी."

मग दर शुक्रवारी, परवाना खिशात घालून आणि पिस्तुलाची गोळी उडवणारी सुई काढून, फत्ताह जुन्या बाजारात बसू लागला. समोर फडकं, फडक्यावर ते एकच गंजकं पिस्तूल. करादागकडचा कुणी दिसला की हाक मारायचा, "कुठल्या गावचा? हे कधी पाहिलंस?" व्यापारी वैतागले. "वस्ता, म्हातारचळ लागलाय का? गाव विचारतात का कधी?" एकाने त्याचं फडकंच उचलून बाजूला टाकलं. फत्ताहने ते पुन्हा पसरलं. डॉक्टर एकदा आला, पिस्तुलाची दशा बघून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काय करून ठेवलंत हे!" तो म्हणाला. फत्ताह म्हणाला, "होतं तसं."

अकराव्या शुक्रवारी एक चाळिशीतला माणूस पुढून गेला. पालेभाजीची हातगाडी, बूट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. चार पावलं पुढे जाऊन तो परत फिरला.

"ही कोंबडी," तो म्हणाला.

फत्ताह पुढे सरकला. "कुठल्या गावचा तू?"

माणसाने इकडेतिकडे पाहिलं. मग हातगाडी बाजूला लावून खाली बसला. त्याचं नाव हावरे. "हे माझ्या बापाने विकलं. एक्क्याण्णवमध्ये आम्ही पोरं उपाशी होतो. पीठ आणलं त्याचं. मी रडलो होतो, पिठासाठी नाही, कोंबडीसाठी. लहान होतो, मला ते खेळणं वाटायचं."

"बापाला कुठं मिळालं?"

"आमच्या गावाच्या वर झरा आहे, तिथं. एक जखमी माणूस पाण्यापर्यंत आला होता. बापाने दोन दिवस लपवला, पण जगला नाही. तिथंच पुरला. नाव सांगण्याइतकी शुद्ध नव्हती त्याला. बाप विचारत फिरणार होता, पण त्या दिवसांत कुणाला काय विचारायचं?"

फत्ताहने फोन लावला. पलीकडे गेलासचा आवाज आला. त्याने फोन हावरेच्या हातात दिला, स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा केला. हावरेने सगळं पुन्हा सांगितलं. मग कुणी म्हातारी बोलली, फोन तिने लेकीच्या हातून ओढून घेतला असावा.

"बाळा, तिथं दगड आहे का उशाशी?"

"आहे आजी. बापाने लावला. तो दर ईदला पाणी घालायचा, आपल्या माणसांबरोबर त्यालाही."

"आता बाप आहे का?"

"नाही आजी. आता मी घालतो."

म्हातारी रडली की काय, फत्ताहला नीट कळलं नाही. मग तिचा आवाज आला तो एकदम खणखणीत. "उद्या येऊ का रे?"

"या ना," हावरे म्हणाला. "पण बूट घालून या आजी, वरच्या वाटेला फार चिखल आहे."