वाटी घराबाहेर जात नाही

माझ्या भावोजींइतका वाट्या-डब्यांवर संशय घेणारा माणूस उभ्या मीरा-भाईंदरमध्ये दुसरा झाला नाही. त्यांचा धंदा कंपायलर दुरुस्त करण्याचा. लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम मशीनला समजतील असे करून देणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. त्या वर्षी तो वेड्यासारखा वागत होता. प्रोग्रॅममधलं एखादं काम संपलं की त्या कामापुरत्या वस्तू फेकून द्यायच्या आणि बाहेर दिलेल्या ठेवायच्या, एवढंच त्याला ठरवायचं असे. पण बाहेर कुणाच्या तरी हातात असलेल्या वस्तूही तो फेकून देई आणि लोकांचे प्रोग्रॅम धडाधड कोसळत. शुक्रवारपर्यंत चूक सापडली नाही, तर साहेब भावोजींना ग्राहकांचे फोन घ्यायला बसवणार होते. फोनवर 'हॅलो'नंतर काय बोलायचं हे भावोजींना आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. घरात सुतकी वातावरण होतं.

ऑफिसात डोकं चालेना, म्हणून त्यांनी प्रयोग घरावर सुरू केला. बेव्हर्ली पार्कमधल्या त्या दोन खोल्यांत प्रत्येक भांड्याला चिठ्ठी लागली: 'घरातलं' नाहीतर 'बाहेर जाणारं'. ताई शेजारच्या गुजराती बेनना काही द्यायला निघाली की हे दारात आडवे. "कुठे नेतेयस? चिठ्ठी बघितलीस?" एकदा माझ्याच पाठीवर 'बाहेर जाणारं' चिकटवलं आणि मी तसाच केबिन रोडवरच्या माझ्या घरी पोचलो.

गुरुवारी 'घरातलं' अशी चिठ्ठी असलेली स्टीलची वाटी सापडेना. भावोजी रजा टाकून ओट्याखाली शिरले. "वाटी घराबाहेर जात नाही!"

"अहो, मग मीच खाल्ली असेन," ताई म्हणाली.

इतक्यात बेन आदल्या दिवशीचा डबा परत द्यायला आल्या. रिकामा कसा द्यायचा, म्हणून ढोकळा भरून. "भाभी, ये कटोरी आपके डब्बे के अंदर थी. चटणीवाली."

भावोजी ताडकन उठले. "डब्याला चिठ्ठी लावली, पण आतल्या वाटीचं काय? डबा बाहेर गेला की आतलं सगळं बाहेर गेलं! कंपायलर नेमका हेच विसरतोय!" वाटी हिसकावून ते कॉम्प्युटरकडे धावले. बेन उठू लागल्या की आतून ओरडत, "बेन, अभी मत जाओ, टेस्ट चल रहा है." बिचाऱ्या दीड तास सोफ्यावर बसून होत्या. शुक्रवारी दुरुस्ती पोचली, कंपायलर भावोजींकडेच राहिला.

पुढे कंपनीने त्यांना बंगळूरला नेलं. निघताना ताईने मला लाडवांचा डबा दिला. लाडू संपल्यावर तळाशी ती वाटी निघाली, भावोजींच्या अक्षरातल्या नव्या चिठ्ठीसकट: 'बाहेर गेली. कुणाच्या तरी हातात आहे. टाकू नये.'

भावोजींची फार आठवण येते. दर दिवाळीला वाटीत काहीतरी भरून पाठवायचं ठरवतो आणि पाठवत नाही. पाठवली तर माझ्या हातात त्यांचं काय राहील?