काकूचे पैसे आणि काकांचं वजन

आमच्या काकांचं शिक्षण म्हणजे त्यांचं वजन. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही, त्यांना नोकरीच त्यावर मिळाली होती. खुर्च्यांच्या कारखान्यात एक माणूस हवा होता, बरोबर शंभर किलोचा. काका काट्यावर चढले, काटा शंभरावर थांबला आणि साहेबांनी नाव विचारायच्या आधी त्यांना कामावर घेतलं. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत काका पगार घेऊन बसत होते. खुर्चीवर बसायचं, मागच्या दोन पायांवर झुलायचं, हातांवर रेलायचं, मग उठून पुन्हा धपकन बसायचं. खुर्ची टिकली तर बुडाशी खडूने खूण करायची. मोडली तर काका जमिनीवर आणि सगळी खेप परत. शिवाय दर खेपेतली एक खुर्ची मुद्दाम मोडेपर्यंत तपासायची, असा तिथला नियम होता. त्याशिवाय ती किती सोसते हे कळणार कसं?

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कारखाना काकांचं वजन करायचा. कमी भरलं तर पगार कापत. त्यामुळे काकूने सगळा संसार डोळ्यांत तेल घालून केला. काका जरा उतरले की ताटात लोण्याचा गोळा, जरा चढले की बाजारातून पिशव्या त्यांच्याच हातात. आमच्या घराण्यातल्या बाकी बायका नवऱ्याच्या पगारावर लक्ष ठेवत, काकू त्याच्या पोटावर ठेवायची. दोन्ही एकच, असं तिचं म्हणणं.

त्यांच्या घरात धड खुर्ची मात्र एकच होती, काकूची. बाकीच्या खुर्च्या काकांनी सवयीने तपासून तपासून मोडल्या. ही एक काकूने वाचवली. "ही तपासायची नाही," तिने लग्नानंतर लगेच बजावलं होतं. "मी बसते हिच्यावर. तेवढं पुरे." त्या खुर्चीवर बसून ती लोकांच्या कपड्यांना रफू करायची आणि त्याचे पैसे वेगळे ठेवायची. गेली तेव्हा ते बरेच साठले होते. जायच्या आधी काकांना म्हणाली, "हे कुणाच्या तरी कामी लावा. वाया घालवू नका. आणि तपासत बसून वर्षं काढू नका." काकांनी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलं. तिसऱ्याच्या वेळी ते बहुधा रडत होते.

मी त्यांची पुतणी. वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे काकांची प्रत्येक काळजी जिना चढून आधी माझ्याकडे येते. आता एकच काळजी होती. काकूने डोळे फोडून, टाके घालून मिळवलेले पैसे चुकीच्या माणसाच्या हाती पडले तर? नातेवाइकांना विचारलं. आत्याने गरजू म्हणून स्वतःच्या मुलाचं नाव सुचवलं, कारण त्याची मोटार जुनी झाली होती. काकूचा भाऊ म्हणाला, "बँकेत ठेवा, व्याज येईल, त्या व्याजावर व्याज येईल, मग त्यातून देऊ." कधी देऊ, ते त्याने सांगितलं नाही.

एक दिवस काका दारात उभे राहिले. "ठरलं. मी संस्था तपासणार."

"कशा?"

"बसून."

मी कपाळावर हात मारला. पण त्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. "देणारा म्हणून गेलं की सगळे चहा पाजतात, फोटो दाखवतात. घेणारा म्हणून जायचं. भार टाकायचा. मग कळतं कोण करकरतं ते."

वेशांतर म्हणून त्यांनी फार काही केलं नाही. नेहमीचाच शर्ट, वाढलेली दाढी आणि कमरेला सुतळीने आवळलेली पँट. सुतळी मला जरा जास्तच नाटकी वाटली, पण म्हटलं, हौस आहे, करू देत.

पहिली संस्था निराधारांसाठी होती. तिथल्या सोफ्यात काका असे रुतले की दोघांनी हात धरून बाहेर काढलं. "नापास," काका घरी येऊन म्हणाले. "सगळे पैसे सोफ्यात गेलेत. मी स्वतः आत जाऊन आलो." दुसरीकडे पांघरुणं वाटत होते. काकांनी एक मागितलं, त्यांनी दोन दिली. म्हणून काका दुसऱ्या दिवशी परत गेले, तर आणखी दोन दिली. आठवडाभरात घरात पांघरुणांचा ढीग झाला आणि काका म्हणाले, "हे बघतच नाहीत कुणाला देतोय ते. नापास." मग ती पांघरुणं परत करायला गेले, तेव्हा त्यांनी देणगीदार म्हणून काकांचा सत्कार केला.

दारू सोडवणाऱ्या केंद्रात तर कहर झाला. काकांनी जन्मात थेंब घेतलेला नाही. आत बसून चौकशी करत होते, तेवढ्यात तिथल्या डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. काका म्हणाले, "मी पीत नाही हो." डॉक्टर म्हणाले, "सगळे असंच म्हणतात." काका जितक्या जोरात नाही म्हणत, तितकी त्या लोकांची खात्री वाढत गेली. त्यांना सोडवून आणायला मला जावं लागलं. परत येताना काका रागावलेले असतील असं वाटलं, तर ते खूश. "पक्की माणसं आहेत. हातातला माणूस सोडत नाहीत!" मग पास का, विचारलं, तर म्हणाले, "पास कसे? न पिणाऱ्याला धरतात म्हणजे पिणारा बाहेरच राहत असणार."

भटक्या जनावरांच्या आसऱ्याला काका गरजू म्हणून जाऊ शकत नव्हते. तरी गेले. तिथून एका डोळ्याची मांजर घेऊन आले. "मला बघून त्यांना वाटलं, ह्या माणसाला सोबत हवी," काका म्हणाले. मांजर थेट काकूच्या खुर्चीवर जाऊन झोपली. काकांनी हाकललं नाही. तिने खुर्ची तपासली नव्हती, नुसती वापरली होती, म्हणून असेल.

कुठेच कुणी त्यांना ओळखलं नाही, याचा काकांना केवढा अभिमान! "मी नट व्हायला हवं होतं," म्हणायचे. "एकालाही संशय आला नाही."

मग त्यांना पळीबाई सापडली. बंद पडलेल्या सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत ही बाई एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना दुपारी जेवायला वाढायची. तिच्या हातात कायम पळी. बोलताना पळी, रागावताना पळी, हिशोब विचारायला कुणी आलं तर त्याच्यासमोरही पळीच. देणगीदार तिच्याकडे फारसे टिकत नसत, ते त्यामुळेच. काका पहिल्या दिवशी जेवून आले. दुसऱ्या दिवशी परत गेले.

"पास?" मी विचारलं.

"छे, एवढ्यात कसं? भार वाढवायला हवा."

आणि त्यांनी भार वाढवला. भात दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. डाळ पातळ आहे म्हणून तक्रार, तर तिने दुसऱ्या दिवशी दाट केली. मीठ कमी, मग मीठ जास्त. आता येताना डबाही भरून मागायचे, मांजरीसाठी म्हणून. पळीबाई तोंडाचा पट्टा सोडायची, "पोट आहे की पिंप?" असं सगळ्यांसमोर म्हणायची, पण वाढायचं थांबवायची नाही. काका संध्याकाळी मला सगळं रंगवून सांगायचे. "काय सोसते बाई! अजून करकरली नाही!"

असा महिना गेला. मग एक दिवस काका जिना धावत चढले. चेहरा फुललेला. "मोडली!"

"काय मोडलं?"

"पळीबाई! दाराला कडी. गॅस संपला, आणायला पैसे नाहीत, दोन दिवस जेवण नाही असं तिने आतूनच सांगितलं. शेजारी म्हणाला, गेला आठवडाभर ती स्वतः जेवलीच नव्हती, सगळ्यांना वाढून उरत नव्हतं म्हणून. आता बरोब्बर कळलं ती किती सोसते!"

माझ्या हातात कणकेचा गोळा होता, तो मी परातीत आपटला. "काका, कारखान्यात खुर्ची मोडली की तिच्यासारख्या नव्व्याण्णव असायच्या. हिच्यासारखी दुसरी कुठून आणणार तुम्ही? आणि त्या म्हाताऱ्यांनी आज काय खाल्लं असेल? काकूने सांगितलं होतं कामी लावा. तुम्ही काकूच्या पैशाने एक चालतं काम बंद पाडलंत, आणि गंमत म्हणजे पैसा एकही खर्च न करता!"

काकांचा चेहरा कुणी तोंडात मारल्यासारखा झाला. मग हळूच म्हणाले, "चल माझ्याबरोबर. मला एकट्याला ती पळीने मारेल."

पळीबाई रिकामी पातेली पालथी घालत होती. काकांनी जाताना गॅसचं सिलिंडर स्वतः उचलून आणलं होतं, ते ठेवलं आणि धापा टाकत एका दमात सगळं ओकून टाकलं. "मी गरजू नाही. माझ्याकडे पैसे आहेत. हे सगळं नाटक होतं. मी तुम्हाला तपासत होतो."

पळीबाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "कसलं नाटक?"

"म्हणजे, गरजू असल्याचं."

"पहिल्या दिवशी आलात तेव्हा पँट सुतळीने बांधलेली होती. ह्या खुर्चीत बसलात," तिने भिंतीकडच्या जुन्या लाकडी खुर्चीकडे पळी दाखवली, "ही खुर्ची मांजर बसलं तरी ओरडते. तुम्ही बसलात आणि हिने हूं की चूं केलं नाही. बायको कधी गेली?"

काकांनी सुतळीची गाठ चाचपली.

"घरी कोण वाढतं?"

"माझा मी घेतो."

"घेता की नाही ते दिसतंय. तिसऱ्यांदा भात मागितलात, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आणि तुम्ही म्हणे मला तपासत होतात!"

मी काकांकडे बघितलं. रोज बघत होते, म्हणून मला दिसलंच नव्हतं. शर्टाच्या कॉलरमध्ये मान काठीसारखी उभी होती. सुतळी वेशांतराची नव्हती, गरजेची होती. सोफ्यातून दोघांनी त्यांना उचललं, पांघरुणं दुप्पट दिली, सोबतीला मांजर दिली, डॉक्टरांनी धरून ठेवलं, ते सगळे लोक बावळट नव्हते. त्यांना समोर जे होतं तेच दिसत होतं. मला एकदम रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच पातेली सरळ करायला लागले. पळीबाईने ती पुन्हा पालथी घातली.

काकांनी काकूचे सगळे पैसे एकदम द्यायची तयारी दाखवली. पळीबाईने मान हलवली. "एकरकमी नकोत. एकदम आले तर मी मोठी खोली घेईन, चार माणसं ठेवीन, आणि पैसे संपले की त्यांना काय वाढू? मला महिन्याच्या महिन्याला लागतं. पहिल्या तारखेला आणून द्या. आणि रोज जेवायला या."

"रोज? पैसे देणारा मी आणि जेवायलाही मीच?"

"पुढचं ऐका. मला माणसाचे पैसे चालतात, सापळ्याचे चालत नाहीत. पहिल्या तारखेला आधी वजन. मागच्या महिन्यापेक्षा वाढलं असेल तर पैसे घेईन. नाही तर घेऊन जा परत."

मला वाटलं काका आता भांडणार. पण पहिली तारीख आणि वजन हे दोन शब्द एकत्र ऐकून त्यांचा चेहरा कसातरीच झाला. ते निमूटपणे बटाट्याची पोती मोजायच्या काट्यावर चढले. काटा एकाहत्तरावर थांबला.

"काटा बिघडलाय," काका म्हणाले.

"बटाट्यांनी अजून तक्रार केली नाही," पळीबाई म्हणाली. त्या दिवशी मात्र तिने किराण्यापुरते पैसे घेतले.

पुढच्या पहिल्या तारखेला काका ऐटीत निघाले. नवा इस्त्रीचा शर्ट, खिशात पाकीट. तासाभराने परत आले ते पाय आपटत. एकाहत्तरच. दुपारी तिच्याकडे जेवायचे, पण सकाळ-संध्याकाळ घरी नुसता चहा पिऊन राहायचे, ते काट्याने बरोबर चुगली करून सांगितलं. पळीबाईने पाकीट त्यांच्या खिशात परत कोंबलं होतं. "काकूचे पैसे, आणि ती घेत नाही म्हणते! माझ्यामुळे!" काका ओरडले.

मी त्यांच्या मागून घरात गेले. संध्याकाळ झाली होती. काका काकूच्या खुर्चीपाशी गेले. मांजरीला उचलून खाली ठेवलं. इतक्या वर्षांत ते त्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. ते बसले. ना झुलले, ना रेलले, ना उठून पुन्हा आपटले. नुसते बसले. खुर्ची बारीकशी करकरली, तरी त्यांनी वाकून पाय बघितले नाहीत.

मग त्यांनी समोरचं टेबल जवळ ओढलं, डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसले, "बघत काय उभी आहेस? काकूचे पैसे अडलेत. वाढ!"