ढब्बीचा डावा गुडघा

पॉलिशवाल्याचं आयुष्य गुडघ्यांवर गेलं, लोकांच्या फरशा घासण्यात. कोपऱ्यात मशीन जात नाही, तिथं माणसालाच वाकावं लागतं. बायको म्हणायची, "यांना सरळ उभं राहिलेलं मी लग्नातच पाहिलं, त्यानंतर नाही." पण घरची फरशी मात्र अशी, की तिच्यात बघून भांग पाडावा! दर रविवारी पठ्ठ्या ती पावडर लावून पुन्हा घासायचा. नवं गिऱ्हाईक आलं की आधी घरी आणून दाखवायचा.

त्याच फरशीनं घात केला.

त्यांची कुत्री ढब्बी, आठ वर्षांची, नावाला जागलेली. दारावरची बेल वाजली की सुसाट धावायची, वळताना घसरायची, आणि हा पोट धरून हसायचा. हो, हसायचा! एक दिवस तशीच धावली, घसरली आणि किंचाळली. मागचा उजवा पाय टेकेचना.

ऑपरेशन झालं. टाके काढताना डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "घरात फरशी कसली आहे?"

"आरशासारखी!" यानं छाती फुगवली. "स्वतः घासतो, दर रविवारी."

बाईंनी कात्री खाली ठेवली. "काका, तिथंच तर घोळ आहे. घसरून घसरून गुडघ्यातलं लिगामेंट कमजोर होतं, मग एक दिवस तुटतं. त्यात वजन हे एवढं! खाणं मोजून द्या, जिना बंद, पट्टा धरून थोडं थोडं चालवा. आणि डावा पाय जपा. एक गुडघा गेला की निम्म्या कुत्र्यांचा दुसराही जातो. हिचा गेला, तर उठायचे वांधे होतील."

त्या दिवसापासून याला दुसरं काही सुचेना. कामावरून दिवसातून दहा फोन. "उठली का? डावा पाय नीट टेकते ना?" घरी असला की पोटाखालून टॉवेल घालून तिला उचलून धरी. तिची नखं फरशीवर वाजली, की हा हातातलं टाकून धावायचा. जेवण जाईना, झोप लागेना.

चटया आणल्या, सगळीकडे अंथरल्या. तिसऱ्या दिवशी शेजारणीनं बेल वाजवली. ढब्बी सवयीनं उसळली, आणि गुळगुळीत फरशीवरून चटईच सरकली, कुत्रीसकट, थेट भिंतीपर्यंत!

 धावत जाऊन त्यानं तिचा डावा गुडघा चाचपला. गुडघा हाताला लागत होता, पण धड आहे की तुटला, तेच कळेना. "गेला, हाही गेला," एवढंच तो पुटपुटत राहिला. मग ढब्बी उठली. चार पावलं चालली. काही झालं नव्हतं. पण हा तिथंच बसून ढसाढसा रडला. "मीच मोडला गं तुझा पाय. मीच!"

दुसऱ्या दिवशी त्यानं कामाची मशीन घरी आणली. तिला सगळ्यात खरखरीत दगड लावला, आणि वीस वर्षांची चमक स्वतःच्या हातानं उतरवायला घेतली.

"अहो, डोकं फिरलं का?" बायको ओरडली. "गिऱ्हाइकांना काय दाखवणार आता?"

"माझं थोबाड!"

संध्याकाळी घासून निघालेला पांढरा चिखल पुसून झाला. फरशी निस्तेज, हाताला खरखरीत. ढब्बी दारात उभी होती आणि पाण्याचं भांडं पार पलीकडच्या भिंतीशी. तिनं पाऊल टाकलं तसा हा टॉवेल घेऊन उठला. बायकोनं त्याचं मनगट धरलं.

"थांबा. जाऊ द्या तिला एकटीला."

ढब्बी निघाली. हळूहळू, लंगडत, पण नखं रोवून. कुठंही घसरली नाही. भांड्याशी पोचली आणि लपलप पाणी प्यायला लागली.

"पोचली की नाही?" बायको म्हणाली.

"अगं, परत यायचंय अजून."

 बायकोनं त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं, आणि तिचा हात घामानं ओला होता.