चौकड्यांचा पंचा

मुकुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगण्याच्या कारखान्यात, बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. सांगायचं राहूनच गेलं... एवढंच आलं. जे सांगायला मी कितीदा सक्करदऱ्याला त्याच्या घरी निघालो आणि तलावाला चक्कर मारून परत आलो, ते आता इथे लिहितो आहे.

इंजिनिअरिंगला आम्ही एका वर्गात होतो. मी कारखाना टाकला. तो इलेक्ट्रॉनिक्समधली नोकरी सोडून पेटंटचा वकील झाला. हे काम दिल्ली-मुंबईचं, नागपुरात कोण येणार, असं सगळे म्हणत. त्याने सीताबर्डीला चार्जर-इअरफोनच्या दुकानांवर एक खोली घेतली आणि लोक येत राहिले. पेटंट मिळालं की इतर वकील मोकळे होतात, मुकुंदाचं खरं काम तिथून सुरू व्हायचं. मिळालेल्या पेटंटवर वर्षभरात त्या धंद्यातला कोणीही हरकत घेऊ शकतो, आणि त्या हरकती लढण्यातच त्याची हयात गेली. नव्या पक्षकाराला तो सांगायचा, "वर्षभर पेढे नको वाटू गा. मंग दोघं मिळून खाऊ."

त्याच्या टेबलावर चौकड्यांचा एक पंचा असायचा. कोणी नवं यंत्र आणलं की चहावाला आत येण्याआधी तो त्यावर पंचा टाकायचा. अर्ज करण्यापूर्वी वस्तू चारचौघांत दाखवली तर ती नवी राहत नाही आणि पेटंट पडतं, एवढं साधं कारण होतं. मी थट्टा करायचो, चहावाला काय कारखाना टाकून राहिला का? तो म्हणायचा, "त्याच्या मागून येणारा टाकून राहिला असन."

कमी व्होल्टेजमध्ये कूलरची मोटर जळू नये म्हणून मी एक सर्किट तयार केलं होतं. ते त्याच्याकडे नेलं तेव्हा त्याने विचारलं, "कोणाले दाखवलं तर नाही ना?" मी नाही म्हणालो. तेव्हा आठवलंच नाही, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. पण आठवत होतं. आधीच्या दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा झाली, तेव्हा मी ह्याच सर्किटचा डबा पाटावर मधोमध मांडला होता, झाकण उघडून. सोनं द्यायला आलेल्या डीलर मंडळींना एकेका भागावर बोट ठेवून समजावलंही होतं. पूजेत मांडणं म्हणजे दाखवणं कसं, असं एकीकडे वाटत होतं. खरं सांगितलं तर मुकुंदा अर्जच करणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती.

पेटंट मिळालं. वर्ष संपता संपता एका कंपनीची हरकत आली आणि तिच्या कागदांबरोबर एक फोटो आला. पाट, झेंडूची फुलं, कुंकू लावलेला उघडा डबा आणि त्यावर माझं बोट. मुकुंदाने तो बराच वेळ पाहिला. "पूजा मस्त केली होती," म्हणाला. मग चष्मा काढून, "मले काहून नाही सांगितलं गा?" तरी तो लढला. डबा पाहिला म्हणजे सर्किट समजलं असं होत नाही, हे त्याने सुनावणीत तासभर मांडलं. शेवटी अधिकाऱ्यांनी विचारलं की फोटोतला माणूस सर्किट समजावत नव्हता, असं तुमचं म्हणणं आहे का? मुकुंदाने हो म्हटलं असतं तर कदाचित... "तसं मला म्हणता येणार नाही," तो म्हणाला. पेटंट रद्द झालं.

डीलर विचारू लागले तेव्हा मी सांगितलं, पूजेचं वकिलाला बोललो होतो, त्याच्याच लक्षात राहिलं नाही. हिंगण्यात ते सगळीकडे पसरलं आणि इथले लोक त्याच्याकडे जाईनासे झाले. त्याच्या कानावर गेलंच असणार. पण पक्षकाराने काय सांगितलं, काय लपवलं, ते वकिलाने बाहेर काढायचं नसतं, आणि त्याने ते पाळलं. दसऱ्याला मात्र सोनं द्यायला तो येतच राहिला. पाटावर नवं काही दिसलं की हळूच विचारायचा, "अर्ज केला ना बे?"

अर्धांगवायूत त्याची एक बाजू आणि वाचा गेली तेव्हा मी एकदाचा त्याच्या खाटेशी जाऊन बसलो. "मुकुंदा, त्या पूजेचं..." एवढंच बोललो. त्याने चालता हात वर केला. थांब म्हणाला, की असू दे म्हणाला, की नुसतं पाणी मागितलं, मला कळलं नाही. मी पाणी दिलं. तो प्यायला.

तेरवीनंतर वहिनींनी मला बाजूला बोलावलं. "भाऊजी, तुमच्या केसमध्ये यांच्याच हातून चूक झाली होती का? मी विचारलं तर कधी बोललेच नाहीत." घरीसुद्धा बोलला नव्हता. मी सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "मले आता सांगून काय होते? ज्याईले तेव्हा सांगितलं, त्याईले सांगा."

त्यांतले काही जण आता नाहीत. एकाला फोन केला, तर त्याला मुकुंदा कोण तेच आठवेना.

गेल्या आठवड्यात सीताबर्डीची खोली रिकामी करायला वहिनींसोबत गेलो होतो. टेबलाच्या कोपऱ्यात पंचा होता, धुळीने भरलेला, खाली काहीतरी झाकलेलं. मी तो उचलला. माझाच डबा होता. सुनावणीसाठी दिलेला, मी कधीच परत न नेलेला. स्क्रूच्या खाचेत कुंकू अजून होतं. वहिनींनी विचारलं, हे कोणाचं? मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात चहावाला दोन कप घेऊन आत आला. डबा तसाच उघडा, आणि पंचा माझ्या हातात...