रस्त्यात उतरणाऱ्या वहिनी

बडोद्याच्या वहिनी गाडी अनवाणी चालवायच्या आणि मारामारी दिसली की तशाच अनवाणी रस्त्यात उतरायच्या. वाघोलीत त्या आमच्या समोरच्या दारात राहायला आल्या, तेव्हा नगर रोडलगतची शेतं संपून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांचे यजमान आणि मी खराडीतल्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीत होतो, पाळ्या मात्र वेगळ्या. वहिनी तिथल्याच शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सकाळी मी त्यांच्या गाडीत असायचो.

जन्म बडोद्याचा, लग्नानंतर काही वर्षं हुबळी, मग पुणे. त्यामुळे तुलना कायम जिभेवर. "हुबळीत हॉर्न म्हणजे 'मी आलोय'. बडोद्यात 'जरा सरका'. आणि तुमच्याकडे, भाऊजी, हॉर्न म्हणजे आईवरून शिवी." हुबळीची शेजारीण वीज गेली की जेवायला बोलवायची, इथे बेल वाजवली की दाराआडून आधी "काय काम आहे?" येतं, असं त्या म्हणायच्या. तळमजल्यावरच्या निवृत्त साहेबांनी एकदा हे ऐकलं. "मग आपण तिकडेच का नाही राहत?" वहिनी हसल्या. "तिकडे भांडायला कुणी मिळत नाही हो."

पण सगळी भांडणं हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पार्किंगच्या जागेवरून सोसायटीतल्या दोघांची जुंपली. एकाने बॅटने दुसऱ्याच्या गाडीची काच फोडली आणि त्याच बॅटने त्याच्या बरगड्यांवर घाव घातला. आम्ही जिन्यात थिजलो होतो. वहिनींनी पुढे होऊन बॅट धरली. "आता मला मारा. मग वर जाऊन मुलीला सांगा, कुणाला मारलं ते." त्या बॅटवाल्याची मुलगी वहिनींकडे गणित शिकत होती. बॅट हळूच खाली आली. दुसऱ्या दिवशी गाडीत त्या म्हणाल्या, "मारणाऱ्याला वाटत असतं, इथे आपल्याला कुणी ओळखत नाही. आपण नुसती ओळख द्यायची."

नगर रोडवर ती ओळख कामाला आली नाही. आमच्या पुढेच एक स्कूटर मोठ्या गाडीला घासली. आरशावर ओरखडा उमटला, बाकी काही नाही. गाडीतून चौघे उतरले. स्कूटरवर कारखान्याला निघालेला पन्नाशीचा कामगार होता. त्यांनी त्याला कॉलरला धरून दुभाजकावर आपटलं आणि पोटात लाथा घालायला सुरुवात केली. एकाने डिकीतून लोखंडी पान्हा काढला. लोक मोबाइल उंच धरून उभे होते.

वहिनींनी गाडी आडवी घातली आणि उतरल्या. मागोमाग मी. "दादा, नाव काय तुमचं?" त्यांनी पान्हा धरलेल्याला विचारलं. त्याने उत्तर न देता पान्हा कामगाराच्या तोंडावर हाणला. वहिनी त्या कामगारावर आडव्या पडल्या. पान्हा पुन्हा वर गेला. मी पान्हा धरलेल्याच्या कमरेला मिठी घातली. त्याचं कोपर माझ्या जबड्यावर बसलं, तोंडात रक्त आलं, पण मी हात सोडले नाहीत. तरी पान्हा खाली आलाच, वहिनींच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तेवढ्यात रिक्षावाले धावले आणि चौघे पळाले.

कामगार वाचला, एक डोळा गेला. वहिनींचं उजवं मनगट वाकडंच जुळलं. बडोद्याहून त्यांचा भाऊ आला. "चल घरी, ताई. आपल्याकडे असं होत नाही."

"होतं रे," वहिनी म्हणाल्या. "आपल्याकडे मी ते पाहिलं नाही, एवढंच."

पुढे खटला उभा राहिला, तेव्हा दोन अनोळखी माणसं त्यांच्या दारात आली. "मॅडम, साक्ष देऊ नका. तुमच्या शाळेचा रस्ता आम्हाला माहीत आहे."

"मग गर्दी कुठे लागते तेही माहीत असेल. लवकर निघा," म्हणून वहिनींनी दार लावलं. माझी बायको आत होती. ती सांगते, कडी घातल्यावर त्या तिथेच फरशीवर बसल्या आणि शाळेला जायचे दुसरे रस्ते मोजू लागल्या.

साक्ष मात्र दिली. समोरच्या वकिलांनी विचारलं, "आपण गुजरातच्या. इथल्या भांडणाशी आपला संबंध काय?" वहिनी म्हणाल्या, "मी वाघोलीची." पान्हा मारणाऱ्याला आणि त्याच्या एका साथीदाराला शिक्षा झाली. बाकीचे दोघे सुटले.

वर्षभरात यजमानांची बदली हैदराबादला झाली. ट्रक निघताना वहिनींनी डाव्या हातानेच सगळ्यांचा निरोप घेतला.

मध्यंतरी स्वारगेटजवळ एका दुचाकीवाल्याने रिक्षावाल्याला खाली ओढलं आणि कमरेचा पट्टा काढला. बायको म्हणाली, "अहो, उतरू नका." मी उतरलो. दोघांच्या मध्ये उभा राहिलो. पट्ट्याचं बक्कल कानशिलावर बसलं, चष्मा फुटला. मग तो माणूस स्वतःच घाबरला आणि मागे सरला.

घरी येऊन मी हैदराबादला फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर वहिनींनी एकच विचारलं, "दोघं आपल्या पायांनी घरी गेले ना?"

"गेले."

"मग चष्मा नवा करून घ्या, भाऊजी."