गफूरचाचांचा कॅरम

तळोद्याच्या बाजारात सुतारकाम करणाऱ्या आमच्या गफूरचाचांनी १९५८ साली स्वतः कॅरम बनवून दुकानापुढं मांडला. हा जुगार आहे, असं घरबसल्या ठरवून पंच रूपचंदभाऊ तो उचलायला सांगायला आले.

"कधी खेळनात का?" चाचांनी विचारलं.

"असा जुगारले मी हात नही लावत."

"बैल इकत लेतांना जुंपी दखतस ना? मंग एक डाव खेळी दखा."

लोक जमले होते, म्हणून भाऊ बसले. ते तीन डाव हरले आणि उठताना म्हणाले, "जुगारच शे."

"आते तुम्हले बोलाना हक्क शे," चाचा म्हणाले, "पण कॅरम मी उचलावू नही."

पुढं दहा वर्षं कॅरम तिथंच होता. भाऊ दर बाजाराला येऊन त्याला जुगार म्हणत आणि एक डाव हरून जात.